पोस्ट टाकण्याआधी विचार करा

सोशल मीडियावर काय टाकू नये, हे शिकवायची मला नोकरी आहे. बेंगळुरूच्या एका आयटी कंपनीत. या कामात किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणच डबा घेऊन शेजारी येऊन बसतात! यंदा मात्र हसायची सोय नव्हती. क्लायंटचं ऑडिट होतं. त्यांची माणसं खोट्या प्रोफाइलवरून आमची माहिती काढून बघणार होती. कोणी फसलं नाही, तर मी परमनंट. फसलं, तर प्रोबेशन आणखी सहा महिने!

*

ट्रेनिंग संपलं आणि नागपूरहून नव्यानेच आलेल्या मंगेशने सगळ्यांचा सेल्फी टाकला. 'आजपासून आम्ही सायबर-सेफ!' मागच्या बोर्डावर वाय-फायचा पासवर्ड, ठळक अक्षरांत. मी धावत त्याच्या जागेवर गेलो.

"आधी तो फोटो काढून टाक!"

"का सर? तुमचे डोळे मिटले का?"

*

अकाउंट्समधल्या सुलभाअक्कांना मी बजावलं होतं, घराला कुलूप आहे हे जगाला सांगायचं नाही. त्यांनी ऐकलं. गोकर्णच्या समुद्रात उभं राहून फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आम्ही सगळे चामराजपेटच्या घरीच आहोत. रविवारपर्यंत कोणी येऊ नये."

*

अनोळखी रिक्वेस्ट आली तर फोन करून खात्री करा, हाही माझाच नियम. आमचे मॅनेजर नियमाचे पक्के. मी सरावासाठी खोटी रिक्वेस्ट पाठवली, तर त्यांनी प्रोफाइलवरच्या नंबरवर खरंच फोन लावला. मी आवाज जाड करून उचलला.

"आप फ्रॉड हैं क्या?"

"नहीं सर."

"सरी, ठीक है," म्हणाले आणि रिक्वेस्ट स्वीकारली!

*

ऑडिटचा रिपोर्ट आला. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

अख्ख्या ऑफिसातून एकाचीच माहिती बाहेर गेली होती. माझी! जन्मतारीख, जन्मवेळ, पगार, कुठल्या क्लायंटचं काम करतो ते, आणि मामाकुळ. म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, म्हणजे माझ्या पासवर्ड रिसेटच्या प्रश्नाचं उत्तर! ऑडिटवाल्यांनी 'मृणाल' नावाची खोटी मुलगी तयार केली होती. तिने मराठी वधूवर ग्रुपवर आईला नमस्कार केला आणि आईने माझा बायोडेटा धाडून दिला. सोबत दोन ओळी: "मुलगा सिक्युरिटीत आहे. फार सावध."

मी घरी फोन करून ओरडलोच. "आई, ती मुलगी खोटी होती! माझं प्रोबेशन वाढलं!"



"खोटी तर खोटी. पण तिच्या नावाने इतकं गोड लिहीत कोण होती रे? तिचं लग्न झालंय का, स्वल्प विचारून बघ."