तुम्ही पुढे, मी मागे

आधीच सांगते, मला त्या फोनवरच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण माझ्या नवऱ्याचा आवाज गोड बोलून मागून घ्यायचा आणि मग त्याच्याच तोंडाला काळं फासून गावभर फिरवायचं, हे कुणी केलं तर मी बोलणारच. आणि मी बोलायला लागले की थांबत नाही, हे आमच्या जिन्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस हाताचा पक्का, जिभेचा कच्चा. लहानपणापासून त्यांची जीभ अडते. 'प' आणि 'क' आला की गाडी रुळावरून घसरलीच समजा. दुकानात 'पाव किलो' म्हणता येत नाही म्हणून सगळं अर्धा किलो आणतात, आणि मी बसते उरलेलं संपवत. लोक मदत म्हणून त्यांचं वाक्य मध्येच पुरं करून टाकतात. मला त्याचा भयंकर राग येतो. मी लग्न झाल्यापासून एकदाही त्यांचं वाक्य पुरं केलेलं नाही. दूध उतू गेलं तरी चालेल, पण नवऱ्याचं वाक्य नवऱ्यानेच संपवायचं.

फक्त एक वाक्य त्यांच्या तोंडी कधीच अडत नसे. ते मी त्यांचा चेहरा बघायच्या आधी ऐकलं.

मी दवाखान्याच्या शिवणखोलीत काम करते. फाटलेल्या चादरी, पेशंटचे झगे, डॉक्टरांच्या कोटांची बटणं. तेव्हा नवीनच लागले होते. चादरींची गाडी घेऊन लिफ्टमध्ये शिरले आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. दिवा गेला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दार बडवून बडवून हात लाल झाले, तेव्हा बाहेरून एक आवाज आला, "घाबरू नका. तुम्ही पुढे, मी मागे."

म्हटलं, हा कोण शहाणा! मी आत, हा बाहेर, त्यात पुढे काय नि मागे काय? पण त्या आवाजात काय होतं कोण जाणे, मी चादरींवर चक्क बसून राहिले. ते वर मोटरीच्या खोलीत गेले, हाताने ब्रेक सोडत सोडत लिफ्ट मजल्याला लावली, खाली आले आणि त्रिकोणी चावीने दार उघडलं. मी बाहेर आले. मग ते आत शिरले, सगळं तपासलं, आणि शेवटी बाहेर पडले. अडकलेला माणूस आधी, आपण नंतर. एवढाच त्या वाक्याचा अर्थ. मी आभार मानले, तर "का-का-का..." करत उभे राहिले. मी थांबले. बराच वेळ थांबले. "काही नाही," म्हणाले शेवटी. झालं, अडकले मी. लिफ्टमधून सुटले ती यांच्यात.

खेळ घरात आणला आमच्या पोरीने. नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघाली, तेव्हा जाताना बापाच्या फोनवर टाकून गेली. "बाबा, इथे बोलावं लागत नाही. लिहायचं फक्त. आपण रोज भेटू." खेळाचं नाव 'पैलाड'. एक भली मोठी दरी, तिच्या कडेकडेने अरुंद वाट, आणि सगळ्या जगाला पलीकडे जायचंय. पलीकडे काय आहे ते कंपनी कुणालाच सांगत नाही. वर्षानुवर्षं गोष्ट थोडी थोडी पुढे सरकते, आणि हे लाखो लोक वेड्यासारखे वाट बघत बसतात.

मी खूप टोमणे मारले. "लिफ्ट चढवून पोट भरत नाही, म्हणून आता डोंगर चढताय का?" हे नुसते हसायचे. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की माणूस बदललाय. तिथे यांची जीभ अडत नव्हती. बोटं धडाधड चालायची. नवीन माणूस त्या दरीच्या कड्यावर आला की हमखास पडायचा, पडला की सगळं पहिल्यापासून. म्हणून यांनी नवख्यांना सोबत करायला सुरुवात केली. आणि हे पुढे चालत नसत, मागे चालत. मी विचारलं, वाटाड्या कधी मागे असतो का? तर म्हणाले, पुढे राहिलो तर तो नुसती माझी प-पाठ बघेल, वाट बघणार नाही. मागे राहिलो तर वाट तो शोधतो, आणि पाय सटकला तर धरायला मी असतो. प्रत्येकाला आधी लिहायचे, 'घाबरू नका. तुम्ही पुढे, मी मागे.'

बघता बघता बाकीच्या जुन्या खेळाडूंनी तीच रीत उचलली. वाटाड्याने मागून चालायचं, हा तिथला कायदाच झाला. आमच्या यांना लोक 'मागूनराव' म्हणू लागले. कुठली कुठली पोरं 'मागूनराव, आज कड्यावर याल का?' म्हणून विनवायची. ज्या माणसाला पानवाला 'लवकर बोला हो' म्हणून हाकलायचा, त्याची तिथे रांग लागत होती. मी टोमणे बंद केले. म्हणजे, कमी केले.

कंपनी मात्र दिवसेंदिवस हावरट होत चालली होती. आधी कपडे विकत. मग वाटेत फुकट मिळणारे कंदील विकत. मग दोरी. पोरगी चिडायची, "बाबा, गोष्ट जागची हलत नाही आणि दुकान तेवढं वाढतंय!" इतर खेळाडू शिव्या घालत होते. हे आपले कंपनीच्या बाजूने. "त्यांनाही प-पोट आहे. गोष्ट चांगली आहे ना? थांबू." असा भोळा सांब.

आणि एक दिवस कंपनीचाच निरोप आला. नवीन अध्याय येतोय, त्यात वाटाड्यांना मोठं स्थान आहे, जुन्या वाटाड्यांनी आपला आवाज पाठवावा. शिवाय तुम्ही मागून का चालता, तेही आपल्या शब्दांत लिहून पाठवा. यांचा चेहरा काय सांगू! चार वेळा वाचून दाखवलं, तेही न चिडता, अडखळत अडखळत.

आवाज घुमू नये म्हणून आम्ही कपड्यांच्या कपाटात शिरलो. दोघंही पन्नाशीच्या पुढचे. हे गुडघ्यावर बसलेले, डोक्यावर माझ्या साड्या लोंबतायत, आणि मी फोन धरून उकिडवी. कंपनीने दहा-बारा वाक्यं दिली होती. एक धड निघेना. घामाघूम झाले. मी म्हटलं, "तुमचं ते म्हणा की." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "घाबरू नका. तुम्ही पुढे, मी मागे." एकदम स्वच्छ. 'पु'सुद्धा अडला नाही. तेवढं एकच पाठवलं.

कंपनीचं उत्तर आलं, आवाज निवडला. मग काय, हे दूधवाल्याला सांगतायत, पहारेकऱ्याला सांगतायत. यांना एक बातमी सांगायला पंधरा मिनिटं लागतात, तरी सगळ्यांना सांगितली. पानवाल्यालासुद्धा.

अध्याय आला त्या रविवारी पोरगी मुद्दाम घरी आली. सकाळी फोन टीव्हीला जोडला. हे नवा सदरा घालून बसले. घरातल्या घरात!

पडद्यावर ती दरी. एक कोवळं पोर कड्यावर उभं, खाली डोकावतंय. त्याच्या मागे तोंड झाकलेला वाटाड्या. आणि आमच्या खोलीत यांचा आवाज घुमला, "घाबरू नका. तुम्ही पुढे, मी मागे." मी यांचा दंड धरला. पोर एक पाऊल पुढे टाकतं. आणि तो वाटाड्या दोन्ही हातांनी त्याला दरीत ढकलतो.

पोरगी "अं?" म्हणाली. मग तेच पुन्हा. दुसरं पोर, तेच वाक्य, यांचाच आवाज, पुन्हा धक्का. नव्या गोष्टीत म्हणे वाटाडे पहिल्यापासूनच कुणा शत्रूचे हस्तक. म्हणूनच तर ते मागून चालायचे! आणि सगळ्यात शेवटी पडद्यावर मोठी अक्षरं, 'आता मागे कोण आहे याची काळजी नको. विश्वासू सोबती घ्या.' खाली किंमत. दर महिन्याची.

याला म्हणतात केसाने गळा कापणं. इतकी वर्षं यांच्यासारख्यांनी फुकट सोबत केली, म्हणून तर खेळ चालला. आता तीच सोबत विकायची, तर फुकट करणारे आधी बदनाम करायला हवेत ना! गरज सरो, वैद्य मरो. आणि मारायला हत्यारही त्या वैद्याकडूनच मागून घेतलं.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोरीने कंपनीला लांबलचक तक्रार केली. उत्तर आलं, 'आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या.' पोहोचल्या म्हणे! भावना म्हणजे काय पार्सल आहे? पोरीने अटी काढून वाचल्या. आवाज दिला तो कायमचा दिला, कसाही वापरतील. यांनी न वाचता होकार दिला होता. हात दाखवून अवलक्षण.

हे मात्र चिडले नाहीत. टीव्हीकडे बघत एवढंच म्हणाले, "मागून का चालायचं, ते मी त्यांना लि-लिहून दिलं होतं गं. त्यांनी वाचलं. वाचूनच केलं."

तरी दुसऱ्या दिवशी कड्यावर गेले. म्हणाले, आपली माणसं ओळखतात आपल्याला. जुनी ओळखत होती, पण ती कंटाळून खेळ सोडून चालली होती. नवी पोरं यांना बघताच लिहायची, 'मागे येऊ नकोस, ढकल्या.' मागूनरावाचा ढकल्या झाला. वाटाड्याला दरीत लोटलं की कंपनी बक्षीस देत होती. यांना दिवसभर लोटत होते. हे पुन्हा वर चढायचे. मग एके दिवशी फोन ठेवून दिला.

म्हटलं, गेलं तर गेलं, खेळच तो. सुंठीवाचून खोकला गेला. काय अक्कल माझी!

पुढच्याच आठवड्यात एका मोठ्या ऑफिसची लिफ्ट अडकली. आत तीन तरुण, त्यांतली एक मुलगी रडतेय. हे दाराशी गेले आणि नेहमीसारखं म्हणाले, "घाबरू नका. तुम्ही पुढे, मी मागे." आतून एकजण ओरडला, "अरे, हा तर ढकल्या! सेम आवाज!" हशा पिकला. पण ती मुलगी हसली नाही. ती जास्तच रडायला लागली, "याला नको, दुसऱ्या कुणाला बोलवा." यांनी लिफ्ट मजल्याला लावली, दार उघडलं. तिघं भिंतीला पाठ लावून बाहेर आले. एकाने दात काढत हात पुढे केला, "काका, तुम्ही पुढे."

हे सगळं मला सांगायला त्यांना पूर्ण संध्याकाळ लागली. मी थांबले. एकही शब्द मध्ये घातला नाही.

त्यानंतर त्यांनी मिठाची गुळणी धरली. काम करत होते, पण अडकलेल्या माणसांशी बोलेनासे झाले. दाराबाहेर नुसती पान्याची खडखड. लोक तक्रार करायला लागले, तुमचा माणूस काही सांगतच नाही, आत जीव जातो आमचा.

आणि परवा मीच अडकले. आमच्याच इमारतीत, हातात दोन पिशव्या, भर दुपारी वीज गेली. अंधार. पण मला कसली भीती! हे घरीच होते. जिन्यावर त्यांची चप्पल वाजली, ओळखली मी. पिशव्या खाली ठेवल्या आणि वाट बघत उभी राहिले. ब्रेक सुटल्याचा आवाज आला, लिफ्ट हळूहळू सरकली, मजल्याला लागली. ते खाली आले. दाराच्या पलीकडे उभे राहिले.

मी म्हटलं, "अहो, म्हणा की."

पलीकडे नुसती चावी खुळखुळली.

"मी आहे आत. मी. म्हणा ना."

"घा..." म्हणाले. थांबले. "घा-घा..." पुन्हा थांबले. त्या एका वाक्यावर त्यांची जीभ कधी अडली नव्हती. कधीच नाही. मी ओठ दाबून उभी होते. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. नुसतं सोडायचं होतं. पण ते त्यांचं होतं.

"तु-तुम्ही पु... पु..."

मग चावी फिरली. दार उघडलं. यांचा चेहरा घामाने डबडबला होता. माझ्याकडे न बघता त्यांनी पिशव्या उचलल्या.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?