कळीवरचा हात

माळशिरसचे कुंडलिकमामा १९३७ साली इंग्रजांच्या फौजेत, सरहद्दीवरच्या वझिरिस्तानच्या मोहिमेत बिनतारी यंत्रावर होते. कुठल्या चौकीनं कुठल्या लहरीवर कधी बोलायचं, हे तेच ठरवत. मध्येच कुणी घुसला, की जाम भडकत. संदेश कळ दाबून, मोर्सच्या टिकटिकीत जायचे; कळ दाबायच्या लकबीवरून ते माणूस ओळखायचे.

एकदा दूरच्या चौकीवर हल्ला झाला. दुपारी तिथून 'सगळं ठीक' आलं, पण लकब त्यांच्या दोस्ताची, शुक्रवार पेठेतल्या कमलाकरची नव्हती. चौकी शत्रूच्या हाती पडली की काय, असं मामांना वाटलं. सगळ्यांना गप्प करून, स्वतःचाच नियम मोडून, त्यांनी मराठीत विचारलं, "कळीवर कोण हाय?"

"मीच की, गाढवा! उजव्या हाताला गोळी लागलीय, डाव्यानं दाबतोय."

मामा सांगत, "गाढव म्हणला आन् लई बरं वाटलं. तितंच रडलो."