सील केलेला संगणक आणि चालू राहिलेलं मशीन

ती घटना विसरण्याचा हक्क मला नाही, म्हणून लिहितो.

नरसीजवळच्या एका गावातली आरोग्यसेविका ठाण्यात आली. तिचा चेहरा जोडून केलेले घाणेरडे फोटो एका वेबसाइटवर होते. "साहेब, लस द्यायला ज्या घरी जाते तिथली माणसं आधी मोबाइल पाहतात, मग माह्याकडं. नोकरी कशी करू?"

चौथ्या दिवशी कनेरगाव नाक्यावरच्या ढाबेवाल्यानं खबर दिली: एक संगणक क्लासवाला जेवताना तेच फोटो दाखवत होता. त्याला उचललं. संगणक जप्त, पंचनामा, लाखेचं सील, मुद्देमाल खोलीत.

दुसऱ्या सकाळी बाई परत हजर. "फोटो अजून दिसून राहिले, साहेब."

मी हादरलो. संगणक कुलपात, त्याची वायर हवालदाराच्या टेबलावर. हवालदार म्हणाला, "भूत चालवून राहिलं का काय?"

आरोपी मात्र शांत. आरोपी शांत असला की मी चुकतो, हे मला फार उशिरा कळलं.

"तो डबा म्हणजे नुसती खिडकी, साहेब. साइट भाड्याच्या सर्व्हरवर हाय."

"कुठं हाय? गाडी काढतो."

"तसा हात लावायला न्हाई मिळत. कंपनीची मोठाली मशीनं दूर परराज्यात. एकेका मशीनचे सॉफ्टवेअरनं बरेच हिस्से करतात. हरेक हिस्सा वेगळ्या मशीनसारखा चालतो. त्यातला एक माह्याकडं भाड्यानं. चालू-बंद सगळं मोबाइलवरून."

'माझ्यासमोर पुसून टाक' ही आमची ठाण्याची जुनी सवय. मोबाइलमध्ये कुणाचा फोटो सापडला की हेच म्हणायचं. त्याच सवयीनं मी त्याचा मोबाइल त्याच्या हातात दिला.

"पुस."

"पूर्ण मशीनच?"

"पुस म्हणतो ना!"

बाईच्या मोबाइलवरून पान गेलं. ती रडत पाया पडायला वाकली. मी खुर्चीत ताठ बसून राहिलो.

दुपारी सायबर शाखेतल्या अधिकारी बाईंचा फोन आला. "सर, सर्व्हर कुणी पुसला? फोटो कुणी चढवले याच्या नोंदी त्यातच होत्या! आधी त्याची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे स्नॅपशॉट, घ्यायचा असतो. आज पुसला असेल तर सांगा, कंपनीकडं काही उरलेलं असू शकतं, आत्ता पत्र पाठवते."

"अटकेआधीच पुसलेला होता," मी म्हणालो.

स्टेशन डायरीतही तेच लिहिलं. बाई सकाळी आल्याची नोंद केली नाही. हवालदारानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

पत्र गेलं नाही. तो पुराव्याअभावी सुटला. महिन्याभरात तेच फोटो परत आले. स्नॅपशॉट त्यानं आधीच घेऊन कंपनीकडंच ठेवला होता. त्यावरून तसंच मशीन काही मिनिटांत पुन्हा उभं राहतं. पत्र गेलं असतं तर तो स्नॅपशॉट आमच्या हाती लागला असता.

बाई आली. चहा सांगितला, तिनं घेतला नाही. "तुमी माह्यासमोर पुसायला लावलं व्हतं ना? मग कोर्टात तसं काहून न्हाई सांगितलं?"

तिनं नोकरी सोडली. वर्षभरात मीही मुदतीआधी निवृत्ती घेतली.

मशीन मला कळलं नाही, ते शिकून घेता आलं असतं. मी अब्रू वाचवली ती माझी, आणि गेली तिची. डायरीतली ती ओळ माझ्या अक्षरात आहे. ती खोटी आहे.