ठाण्याच्या प्रिंटरवर निघालेलं आरक्षण

या प्रकरणात गुन्हा कधी दाखलच झाला नाही, त्यामुळे कोणत्याही रजिस्टरात ते सापडणार नाही. स्टेशन डायरीत दोन ओळींची नोंद असेल, तेवढीच. मला मात्र त्या दिवशीचं बाकड्यावरचं बोलणंसुद्धा अजून शब्दाला शब्द आठवतं.

निवृत्तीआधीची माझी शेवटची नेमणूक मोताळा तालुक्यातल्या एका ठाण्यात होती. नवरात्र नुकतंच बसलं होतं. सोमवारची हजेरी आटोपून मी बंदोबस्ताचा कागद पाहत होतो, तेवढ्यात आमचा एक जुना खबऱ्या दारात उभा राहिला. हा मलकापूरच्या रस्त्यावर जीप चालवायचा.

"साहेब, स्टँडाजवळचा ट्रॅव्हल्सवाला बोगस तिकिटं देऊन राह्यला. आपल्या गुरुजींले गंडवलं त्यानं. विमानाचा नंबर मोबाइलवर टाकला तं काहीच निघत नाही."

गुरुजींना सगळा गाव ओळखत होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची सारी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. फळ्यावर हातानं युरोपचा नकाशा काढायचे, असं आमचे जमादार सांगत. जमादार त्यांचेच विद्यार्थी. मी निरोप पाठवला, तेव्हा गुरुजी पत्नीला हाताला धरून घेऊन आले. बाईंच्या डोळ्यांचा आजार वाढत चालला होता. समोरचं दिसे, पण कडेचं दिसणं गेलं होतं, आणि डॉक्टरांनी पुढच्या वर्षाची खात्री दिली नव्हती.

"मी पोरांले आल्प्स शिकवला साहेब, पाहिला कधीच नाही," गुरुजी म्हणाले. "हिले म्हटलं, दिसते तोवर बर्फ पाहून घेऊ. दिवाळीनंतर जायचं ठरलं. परवा बुधवारी मुंबईले व्हिसाची तारीख हाय. अन् काल समजलं का कागदच खोटा."

त्यांनी पिशवीतून कागद काढला. जाण्याची, येण्याची विमानं, दोघांची नावं, खाली सहा अक्षरांचा आरक्षण क्रमांक. शेजाऱ्याच्या भाच्यानं तो विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला होता आणि उत्तर आलं होतं की असं आरक्षण नाही. जमादारांनी माझ्यासमोर पुन्हा टाकून पाहिला. उत्तर तेच.

खोटा कागद जोडून अर्ज गेला असता तर व्हिसा नाकारला गेला असताच, शिवाय तो शेरा पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटला असता. आधीच्या एका नेमणुकीत जुन्या तिकिटावर नावं बदलून विकणारा इसम मी पकडला होता. त्यामुळे माझं मत निम्मं बनलं होतं, हे मी कबूल करतो.

ट्रॅव्हल्सवाल्याला लॅपटॉपसह बोलावलं. तिशीतला मुलगा, घराणं कापसाच्या व्यापाऱ्याचं, उमराहला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जाणाऱ्यांचे कागद करता करता या धंद्यात आलेला. तो ठाण्यात येईपर्यंत फाटकाबाहेर वीस-पंचवीस माणसं जमली होती. त्यातल्या काहींना गुरुजींची काळजी होती. काहींना तो मुसलमान आहे एवढंच पुरेसं होतं. "आत टाका त्याले!" असा आवाज आला. मी फाटकावर दोन शिपाई उभे केले आणि जप्ती पंचनाम्याचे कोरे कागद टेबलावर काढून ठेवले. चौकशीत समोरच्याला कोरे कागद दिसलेले बरे असतात.

जमादारांनी सुरुवात केली. "काऊन बे, फसवाले तुले माहे गुरुजीच भेटले?"

"कसम से साहेब, कागद खरा हाय," तो माझ्याकडे पाहून म्हणाला.

"मग निघत का नाही?"

"तेच मले समजून नाही राह्यलं. पण तुम्ही तिकीट तिकीट म्हणता, हे तिकीट नोहेच. तिकिटावर तिकिटाचा नंबर असते. पाहा, यात हाय का? हे आरक्षण हाय. व्हिसा भेटाच्या आधी पक्कं तिकीट काढू नका, असं वकिलातवालेच सांगतात. म्हणून जागा धरून ठेवाव लागते. दहा दिवसाची मुदत होती. त्यात त्यांची मुंबईची तारीख बसत होती."

"दहा दिवस कधी संपले?"

त्यानं लॅपटॉप उघडून तारीख दाखवली. मुदत पितृपक्षातच संपली होती, आणि गुरुजींची मुंबईची तारीख होती परवा.

"खोटं बोलतो," जमादार म्हणाले. "परवाची तारीख होती तं दहा दिवसाचं कशाले धरलं?"

"त्यांची तारीख परवाची नव्हतीच, जमादारसाहेब! मीच काढून दिली होती, मले नाही माहीत काय?"

दोघांचेही आवाज चढले. घाबरलेला माणूस खोटं बोलताना फार तपशील देत नाही, हा माझा अनुभव. हा मात्र तपशिलावर भांडत होता. मी त्याला तिथंच बसवलं, ठाण्याच्या अधिकृत मेलवरून विमान कंपनीकडे चौकशी पाठवली आणि बाहेर आलो.

बाई बाकड्यावर एकट्या बसल्या होत्या. गुरुजी फाटकापाशी लोकांना शांत करत होते. मी शेजारी बसलो, पाणी मागवलं आणि सहज विचारलं, "बाई, कागद हातात आला तिथपासून आजपर्यंत मधे काय काय झालं?"

"काय होणार? देवापाशी ठेवला होता."

"मुंबईची तारीख पहिल्यापासून हीच होती?"

त्यांनी पाण्याचा पेला बाकड्यावर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "नाही. आधीची नवमीची होती."

"मग?"

"अविधवा नवमी साहेब. माह्या सासूबाई सवाष्ण गेल्या. त्यांचं पान त्या दिवशी मी वाढते. इतक्या वर्षांत एकदा चुकलं नाही. डोळे चालले म्हणून का आता चुकवू? मी यांले म्हटलं, तारीख पुढं ढकला. शेजारच्या पोरानं मोबाइलवर ढकलून देली."

"ट्रॅव्हल्सवाल्याला सांगितलं?"

"त्याले कशाले सांगाचं? त्याले काय समजते आपलं? हसला असता तो."

मी आत गेलो. मागोमाग गुरुजींना बोलावलं आणि त्यांच्यासमोरच ट्रॅव्हल्सवाल्याला विचारलं, "यांनी तारीख पुढे ढकलली हे तुला ठाऊक होतं?"

तो खुर्चीतून उठलाच. "ढकलली? या अल्ला! गुरुजी, एक फोन नाही करायचा? मुदत संपली का कंपनीचा कॉम्प्युटर आपोआप जागा सोडून देते!"

गुरुजींनी टेबलावरचा कागद उचलून पुन्हा पाहिला. साऱ्या जन्मात त्यांनी मुलांना रेखांश बदलला की वेळ बदलते हे शिकवलं होतं. तारीख बदलली की कागद मरतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी तेवढ्यावर त्याला सोडलं नाही. दुपारी विमान कंपनीचं उत्तर आलं. आरक्षण खरं होतं, त्या दोघांच्याच नावाचं होतं, आणि मुदतीत तिकीट न काढल्यामुळे रद्द झालं होतं. तो मेल मी दोनदा वाचला. पंचनाम्याचे कोरे कागद खणात ठेवले. आणखी तासाभरात मी त्याची अटक दाखवली असती. ती बातमी फाटकाबाहेरच्या लोकांच्या तोंडून गावभर गेली असती, आणि नंतरची सुटका कुणी ऐकली नसती.

गुरुजी ट्रॅव्हल्सवाल्याला हात जोडायला लागले. त्यानं त्यांचे हात धरले. "ते राहू द्या गुरुजी. उद्या मलकापूरहून गाडी हाय ना तुमची? बसा."

बाईही आत येऊन बसल्या, आणि तिथंच, माझ्या टेबलावर, त्यानं नवीन आरक्षण केलं. त्याच्या दुकानात वीज नव्हती, म्हणून कागद ठाण्याच्या प्रिंटरवर काढला. त्या प्रिंटरची एक खोड होती. प्रत्येक पंचनाम्यावर उजवीकडे एक काळी रेघ उमटायची. गुरुजींच्या आल्प्सच्या प्रवासावरही ती उमटली.

"चालन ना हे?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"चालते," जमादार म्हणाले. "या रेघेवर आम्ही माणसं जेलात पाठवले, तुम्ही तं युरोपात चालले."

बाई पहिल्यांदा हसल्या. मग त्या आवाजाच्या दिशेनं वळून ट्रॅव्हल्सवाल्याला म्हणाल्या, "बाबू, सासूबाईंच्या अविधवा नवमीसाठी तारीख ढकलली. तू हसशील वाटलं, पण मी तुले सांगाले पाह्यजे होतं."

"माह्या अम्मीलेही असंच हाय, काकू," तो म्हणाला. "दादीच्या नावानं फातेहा पढतात, त्या दिवशी ती कुठं जात नाही. मी काऊन हसलो असतो?"

मी फाटकाशी जाऊन जमलेल्या लोकांना स्पष्ट सांगितलं की कागद खरा होता, कुणी कुणाला फसवलेलं नाही, आता घरी जा. गुरुजी माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माही होती." त्यांच्यासारख्या माणसानं हे चारचौघांत म्हणणं माझ्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

व्हिसा मिळाला. डिसेंबरात दोघं ठाण्यात पेढे आणि एक फोटो घेऊन आले. फोटोत बाईंनी हातमोज्यातून हात बाहेर काढून बर्फात रोवला होता. गुरुजी एवढंच म्हणाले, "दिसलं साहेब तिले." तो फोटो मी घरी नेऊन पत्नीला दाखवला. तिनं तो बराच वेळ हातात धरला. "मी रिटायर झालो की जाऊ," मी म्हणालो.

या प्रकरणानं मला एक प्रश्न शिकवला. कागद खरा की खोटा, हे पोलीस आधी विचारतो. त्या दिवसापासून मी आधी विचारू लागलो, मधे काय झालं? सेवेच्या उरलेल्या दिवसांत त्या प्रश्नामुळे दोन-तीन माणसं तरी माझ्या हातून चुकीची आत गेली नाहीत.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात पत्नी गेली. दोन वर्षं मी पुस्तकांच्या खोलीबाहेर फारसा पडलो नाही. यंदा सप्टेंबरमध्ये मात्र मोताळ्याला त्या दुकानात गेलो. ट्रॅव्हल्सवाल्याच्या दाढीत आता पांढरे केस आहेत. त्यानं चहा मागवला, कुठं जायचं ते विचारलं, आणि मी तोच डोंगर सांगितल्यावर मान हलवून कामाला लागला. कागद निघाला तेव्हा त्यानं लाल पेन घेऊन वरच्या कोपऱ्यात मुदतीची आणि मुंबईच्या भेटीची तारीख मोठ्या अंकांत लिहिली.

"साहेब, आता मी सगळ्याइले एक विचारतो. या तारखांच्या आड काही येत तं नाही ना? सण, तिथी, काही?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"नवमी येते," मी म्हणालो.

तो थांबला. "काकूंची होती, तीच?"

"तीच."

तो कागद घेऊन त्यानं बाजूला ठेवला, आणि तारीख बदलायला बसला.