ताटात हात धू, दादा

लग्नात ताटाचे फोटो काढणारी माणसं पाहिली की माझं डोकं फिरायचं. जेवा की गुमान! पण धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, घरात सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळलो तो मी. मी तिथंच म्हणालो, "घ्या काढून, उद्याच घ्या." डॉक्टरांनी मला वरून खाली न्याहाळलं. "एवढ्या वजनावर तुमचं ऑपरेशन करता येणार नाही. चौदा किलो उतरवा, मग या."

चौदा किलो! मी जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. खुर्चीत बसून लोकांवर ओरडायचं, एवढीच माझी मेहनत.

दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडम पुण्याकडच्या. त्यांनी माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. पावलं फोन मोजणार, सोमवारी वजन भरायचं, आणि जेवायला बसलं की पहिला घास घ्यायच्या आधी ताटाचा फोटो पाठवायचा. ताटात दीड भाकर, वाटीभर वरण, भाजी, काकडी. मी म्हणालो, "बराबर."

आणि खरंच बराबर केलं. सकाळी रस्त्यानं पायी निघालो की ओळखीचे लोक मोटरसायकल थांबवून विचारायचे, "गाडी बंद पडली का?" मी दात-ओठ खात चालायचो. फोटो एकही चुकवला नाही. दोन महिने झाले तरी काटा जागचा हलेना.

बहीण बदनापूरला दिलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी ती जालन्याला यायची. पाळी बदलून मी तिला आणायचो, परत नेऊन सोडायचो. चार तास मशीनला खिळून आलेली बाई, ओठ सुकून पांढरे पडलेले, पाण्याची परवानगी दिवसाला मोजून दोन पेले, जास्त झालं की अंगावर सूज. पण मला न जेवता उंबऱ्याबाहेर पडू देईल तर शपथ. भाकरी तिची सासू थापायची, वाढायला मात्र हीच बसायची.

असंच एका शुक्रवारी तिच्याकडं जेवून हात पुसत होतो, तर मॅडमचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"ताटं सगळी बरोबर दिसतायत. मग वजन का उतरत नाही? तुम्ही आणखी काही खाता का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी खोटारडा आहे का मॅडम? ताटात वाढलं त्याचाच फोटो पाठवून राह्यलो."

"आणि नंतर?"

"नंतर काय?"

बहीण भाकरीच्या टोपल्याजवळ बसली होती. तीच हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, फोटो पहिल्या वाढणीचा असतो. मंग मी वाढते. अजून एक, कधी दोन. वरून तूप. घरी वहिनी वाढते."

मग मॅडम म्हणाल्या, "अहो, पण तेही जेवणातच धरायचं ना?"

आता त्यांना काय सांगावं! आमच्याकडं पहिली वाढणी म्हणजे जेवण नव्हे, ती नुसती सुरुवात. तेवढ्यावर उठलं तर माणूस रुसला म्हणतात. जेवणारा "नको, नको" म्हणत ताटावर हात आडवा धरतो, वाढणारी त्या हातावर भाकर टाकते, आणि तो हसत खातो. आमच्या सात पिढ्यांत 'नको'चा अर्थ नको असा कुणी घेतला नव्हता. आग्रहाचं खाल्लेलंही पोटातच जातं, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मला हसूच आलं. बहीण हसली नाही. टोपल्यावर फडकं टाकता टाकता म्हणाली, "माझ्याच हातानं मी माझे दोन महिने घालवले का रे, दादा?"

"गप बस, काहीतरीच बोलू नको!" मी तिच्यावर ओरडलो. दुसरं काही येतच नाही मला. परतताना लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. मशीनवर ती किती दिवस काढेल, हे कुणीच सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कारभार हातात घेतला. सांच्याला मी जेवायला बसलो की तिचा व्हिडिओ कॉल. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायचा. माझी दीड भाकर संपली की ती तिकडून म्हणायची, "ताटात हात धू, दादा." ताटात एकदा पाणी पडलं की वर कुणी वाढत नाही. बायकोचा भाकरी धरलेला हात तिथंच थांबायचा. मी तांब्यातलं पाणी हातावर ओतायचो, आणि तिकडून बहीण ताटात साचणाऱ्या पाण्याकडं टक लावून पाहायची. एकदा म्हणाली, "किती सांडतोस रे." त्यानंतर मी बोटं भिजतील इतकंच ओतू लागलो.

काटा उतरायला लागला, पण मला भूक सहन होईना. कारखान्यात माणसं मला टाळायला लागली. एका संध्याकाळी भडकलो. "माझ्या घरात मला कुणी हात धुवायला सांगायचं न्हाई! आज दोन भाकरी खाणार म्हणजे खाणार."

ती चिडली नाही. फोन पुढ्यात तसाच धरून म्हणाली, "खा. तू दोन भाकरी खा, मी चार पेले पाणी पिते. दोघंबी पोटभर."

मी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं आणि ताटात हात धुतला. त्या दिवशी तर दुसरी अर्धीही ताटातच राहिली होती. बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

चौदा किलो उतरायला त्यानंतर आठ महिने गेले. तेवढ्या काळात ती दोनदा दवाखान्यात भरती झाली. एकदा तर आम्ही आशा सोडल्ती. पण तिथून, खाटेवरूनही कॉल यायचाच. ऑपरेशनच्या सकाळी काट्यावर उभा राहिलो, तर मॅडम स्वतः आकडा पाहायला आल्या होत्या.

यंदाच्या भाऊबीजेला बदनापूरला गेल्तो. ओवाळून झालं, तिनं ताट वाढलं. एक पुरणपोळी, वरण, भाजी. मी फोटो काढला, जेवलो आणि सवयीनं ताटावर हात आडवा धरला. वर काहीच पडलं नाही. "हात धू, दादा," ती म्हणाली. मी धुतला.

मग तिनं कोपऱ्यातला आपला तांब्या उचलला. ऑपरेशन झाल्यापासून उकळून गार केलेलं पाणी असतं त्यात, डॉक्टरांनीच सांगितलंय, भरपूर प्या. मान मागं टाकून ती वरून घटाघटा प्यायली. हनुवटीवरून पाणी ओघळलं, पदर भिजला, तरी थांबली नाही. अख्खा तांब्या रिकामा केला.

"अजून घे," मी म्हणालो.

"नको, नको," ती हसत म्हणाली आणि तांब्यावर हात आडवा धरला.

मी तो हात बाजूला केला आणि तांब्या काठोकाठ भरला.