ठोंबरे सरांच्या घराचे न लागणारे दार

मधुकरराव ठोंबरे सरांची आणि माझी पहिली भेट सेलूजवळच्या मुरमाड टेकाडावर, भर मे महिन्यात झाली. सर मनगटाएवढ्या निलगिरीला शिंप्याचा टेप गुंडाळून उभे होते. मी नवा सहायक. माझे नावही न विचारता त्यांनी टेपचे टोक माझ्या हाती दिले.

नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते. निवडक झाडांच्या फांद्यांपासून हुबेहूब तशीच रोपे, म्हणजे क्लोन, तयार करायचे आणि हलक्या, कोरड्या जमिनीत इमारती लाकडासाठी त्यांतला कोणता उपयोगी पडतो ते पाहायचे, हे सरांचे काम. झाडांना पाणी घालायची सक्त मनाई. एकदा मला उन्हाने भोवळ आली. सरांनी स्वतःची पाण्याची छागल माझ्या डोक्यावर रिकामी केली. फक्त त्याआधी मला झाडांपासून लांब ओढले.

काही वर्षांत त्यातला एक क्लोन सरळसोट आणि भराभर वाढला. शेजारचे शेतकरी गुलाबराव आपल्या सगळ्या बरड जमिनीत तोच लावायला निघाले. वरिष्ठांना त्या क्लोनची शिफारस हवी होती आणि सरांची बढती तिच्यावर अडली होती. सर म्हणाले, आधी लाकूड पाहू. झाड कापून त्यांनी वर्ध्याच्या आपल्या घराला पुढचे दार केले.

उन्हाळ्यात ते दार पापडासारखे वळले. गुलाबराव तरी रोपांसाठी हटून बसले, तेव्हा सर त्यांना घरीच घेऊन गेले. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दाराला दगड टेकवत होत्या.

"पाहून घ्या भाऊ," वहिनी म्हणाल्या. "मी बजारात गेली का कुत्रं घरात. याहीले झाड आवडते, मले दार लागते."

गुलाबरावांनी नाद सोडला. सरांनी शिफारस नाकारली आणि बढती गेली. दार गुपचूप बदला, असेही कोणी सुचवले. सरांनी उलट गावोगावचे शेतकरी दार पाहायला आणले. वहिनी त्यांना चहा देत आणि सरांना बोलणी. अशा माणसाच्या हाताखाली काम केल्याचा मला फार अभिमान वाटतो.

आता साठीत सरांनी सागाचे क्लोन लावले आहेत. ते कसे निघतील, असे परवा गुलाबरावांनी विचारले.

"पंचवीस वर्षांनी येजा," सर म्हणाले, "मग सांगतो."

सरांनी आजवर कोणाला खोटे आश्वासन दिलेले नाही. तेव्हा पंच्याऐंशीव्या वर्षी धडधाकट असण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही.