वामनभाऊंनी हुंगलेला झिंगा

वामनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीच्या बाजारात भाजी घेत होतो. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं... आता महिना उलटला. दुःख आहेच, पण खरं सांगतो, सध्या त्याहून जास्त किळस येते.

भाऊ हायवेवरच्या एका ढाब्याचे आचारी. वैनगंगेचे मासे रांधण्यात हयात गेलेली. मग मालकाला समुद्राच्या झिंग्यांची हौस आली. किनाऱ्यावरून नागपूर, तिथून आमच्याकडे, थर्माकोलच्या डब्यात बर्फावर. भाऊ एकेक झिंगा नाकाशी नेत, मगच धूत. मी मास्तर, शाळा सुटली की तिथे चहाला असायचो. म्हणायचो, "भाऊ, पोरगी पाहायला आल्यासारखं काय करता?" ते हसत आणि हुंगत राहत.

गेल्या वर्षी एक डबा आला, त्यात बर्फाचं नुसतं पाणी. झिंग्यांची डोकी काळी पडलेली, बोट लावलं की लिबलिबीत. तो वास माझ्या चहात उतरला. मालक म्हणाला, "निंबू चोळ, मसाला जास्त टाक. ट्रकवाल्याईले काय समजते?"

"तुमच्या पोराईले वाढान का हे?"

"तुले रांधाले ठेवलं, हुंगाले नाही."

भाऊंनी डबा उकिरड्यावर उलटा केला, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि निघाले. पुढे लग्नाकार्यात रांधत फिरले, त्या ढाब्याची पायरी मात्र चढले नाहीत.

तेरवीला मालक आला. वहिनींसमोर डोळे पुसले. मला म्हणाला, "श्रद्धांजलीचा बोर्ड लावतो गुरुजी, भाऊचा फोटो हाय का?" मी भाबडेपणाने मोबाइलमधला पाठवला. माझ्याकडे तेवढा एकच होता.

परवा शहापूरकडे जाताना ढाब्यावर तो बोर्ड दिसला. श्रद्धांजली कुठेच नाही. 'वामनभाऊंच्या हातचे समुद्री झिंगे', आणि खाली भाऊ, झिंगा नाकाशी, डोळे अर्धवट मिटलेले. मी तिथेच उतरलो. आत जाऊन मालकाला म्हणालो, "उतरवा हा."

"काहून? फोटो तर तुम्हीच देला ना."

मी तसाच बाहेर आलो. समोर एक कुटुंब गाडीतून उतरलं. बाई बोर्डाकडे पाहून नवऱ्याला म्हणाली, "किती मन लावून वास घेऊन राहिले ना?" आणि ते आत जाऊन बसले. मी त्यांनाही काही बोललो नाही, याची मला त्या झिंग्यांहून जास्त शिसारी येते.

निदान इथे सांगतो. तो फोटो मी त्या डब्याच्या दिवशीच गमतीने काढला होता. पुढच्याच क्षणी भाऊ म्हणाले होते, "सडलं हे."